जहाजावरचा आहेर

मी जहाजावरचं जॅकेट माझ्या थैलीत घातलं. नारिंगी, फुगीर, छातीवर बांधायचे काळे पट्टे असलेलं. माणूस पाण्यात बुडू नये म्हणून ते असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आहेर आहे.

हसा खुशाल. मी पण हसते. पण हसायच्या आधी ती गल्ली बघा.

जहाजाच्या पोटातली अरुंद गल्ली. दोन्ही अंगांना एकसारखी बंद दारं. पायाखाली एवढा जाड गालिचा की मागून माणूस आलं तरी चाहूल लागत नाही. त्या गालिच्यावर आमच्या मॅडमनी माझी थैली उलटी केली. दोन साड्या पडल्या. परकर पडला. मंजनाची डबी घरंगळत भिंतीला जाऊन लागली. घरून नेलेला चिवडा सांडला. आणि सगळ्यात शेवटी, तळाला कोंबून बसवलेलं ते जॅकेट बाहेर आलं.

पोहून आलेलं एक जोडपं टॉवेल गुंडाळून थांबलं. त्यातल्या माणसानं फोन वर केला.

"चोर," मॅडम म्हणाल्या. "घरी नाही केली ती इथं येऊन केली? तुमच्या लोकांच्या हाताला काही वळण लागायचं नाही."

तुमच्या लोकांच्या. त्या जोडप्याला त्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला. आदिलाबादकडं, बेल्याजवळच्या आमच्या गावात तो अर्थ समजायला शाळेत जावं लागत नाही.

आणि ती शहाणी, म्हणजे मीच, पन्नाशीची, दर पौर्णिमेला विहारात ताठ मानेनं बसणारी, तिनं काय केलं असेल? परकर उचलायच्याही आधी ती वाकली. मॅडमच्या पायाला हात लावला.

"चुकलं मॅडम. मले वाटलं, आहेर आहे."

मॅडमना हसू फुटलं. त्यांनी ते त्या जोडप्याला हिंदीत समजावून सांगितलं. मग तेही हसले. आणि खरं सांगते, सगळे हसतात पाहून मीही हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

आता ही बाई जहाजावर पोचलीच कशी, ते सांगते.

आदिलाबादला मॅडमच्या घरी मी स्वयंपाक सोडून सगळं करायची. स्वयंपाक सोडून, कारण माझ्या हातचं त्यांना चालत नव्हतं. साहेबांचा बी-बियाण्यांचा मोठा व्यापार. घरात तेलुगू, माझ्याशी बाजारातली मराठी. साहेबांच्या आईला सगळे पेद्दम्मा म्हणत, म्हणजे मोठी आई. तिची आंघोळ, वेणी, औषध, सगळं माझ्याकडं. तिच्या डोक्यातून एकेक माणूस पुसलं जात होतं. पोटच्या लेकाला ती कधी ओळखायची, कधी नाही. मला ओळखायची. मॅडम वयानं माझ्याहून लहान. तरी मी त्यांना 'तुमी', त्या मला 'तू'. माझा स्टीलचा गिलास मागच्या ओट्यावर पालथा असायचा. मी तो राखेनं घासून लखलखीत ठेवायची. सगळ्यांचे गिलास सारखे, आपलाच तेवढा निराळा, म्हणजे आपली काही तरी खास सोय केलीय, असं तिला वाटायचं. त्या शहाणीला.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "जहाजात फिरायला जाऊन राह्यलो आमी. तोडु रा अम्मा."

तोडु म्हणजे तेलुगूत सोबत. सोबत चल. इतक्या वर्षांत हा शब्द मॅडमनी मला कधी वापरला नव्हता. मला गुदगुल्या झाल्या. घरी येऊन मी आमच्या ह्यांना सांगितलं.

"मॅडम मले जहाजात नेऊन राह्यल्या. तोडु म्हनाल्या."

"काय तोडू?" हे म्हणाले. "समुद्रात जाऊन काय तोडता तुमी?"

"सोबत, बाप्पा, सोबत! पाहुनी म्हनून."

"पाहुनीले औषधाचा डबा काऊन सांभाळाले देल्ला मंग?"

मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. गिरणीवर, स्टँडवर, विहाराच्या पायरीवर, जिथं माणूस भेटलं तिथं सांगितलं, की मी जहाजात जाऊन राह्यली. समुद्राला शोभेल म्हणून निळी साडी घेतली. जणू समुद्र माझी वाट पाहत बसला होता आणि साडी जुळली नाही तर रुसणार होता!

मुंबईच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा मी जहाज शोधत होते. समोर नुसती पांढरी भिंत, तिला खिडक्याच खिडक्या. ती भिंतच जहाज होतं. आत जाताना प्रत्येकाचा फोटो काढून हातात एक कार्ड दिलं. त्यावर माझं नाव होतं. मी ते नीट वाचायच्या आत मॅडमनी माझं आणि पेद्दम्माचं, दोन्ही कार्डं आपल्या पर्समध्ये टाकली. "हरवशील," म्हणाल्या. त्या कार्डानं खोलीचं दार उघडतं, हे मला मागून कळलं. आतून दार केव्हाही उघडे. पण एकदा बाहेर पाऊल टाकलं आणि ते मागं बंद झालं, की कार्डाशिवाय परत आत जाणं नाही.

मॅडमची, साहेबांची खोली वर, गॅलरीवाली. आमची तळाशी. खिडकी नाही. दिवा घालवला की असा काळोख, की डोळे उघडे आहेत का मिटलेत ते बोट लावून पाहावं लागे. भिंतीतून सारखी घरघर यायची. झोपलं की उशीतून, जेवायला बसलं की ताटातून. पेद्दम्मा भिंतीला कान लावून बसायची आणि म्हणायची, "नीळ्ळु. नीळ्ळु."

नीळ्ळु म्हणजे पाणी. मी गिलास भरून द्यायची. ती ढकलायची. मी पुन्हा द्यायची. ती पुन्हा ढकलायची, आणि भिंतीकडं बोट दाखवायची. "नीळ्ळु." म्हातारीचं डोकं गेलं म्हणतात, पण भिंतीपलीकडं काय आहे ते त्या खोलीत तिलाच समजलं होतं. मी आपली गिलास घेऊन उभी.

"वर जेवायला येऊ नको," मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "तिथं सगळ्यांच्या प्लेटा एकाच गठ्ठ्यातल्या असतात."

मला वाटलं, गर्दीत मी गोंधळून जाईन म्हणून काळजीनं सांगतात. घरी गिलास निराळा ठेवता येत होता. जहाजाला मागचा ओटा नव्हता. म्हणून मलाच खाली ठेवली. एवढं साधं गणित. पण गणित करायला समोर आकडे दिसावे लागतात, आणि ती शहाणी निळी साडी नेसून भिंतीकडं बघत कागदाच्या पुड्यातला थंड भात खात होती. सोबत भजं आलं तर खूश.

जहाज सुटायच्या आधी भोंगा झाला. गल्लीत पावलं धावली. मॅडम दार उघडून म्हणाल्या, "ती कवायत आहे. तू अम्माजवळ बस." जहाजावरचा एक माणूस विचारायला आला, की या दोघी का येत नाहीत. मॅडम त्याला म्हणाल्या, "मेरी सास बीमार है. मैं इनको समझा दूँगी."

मॅडमनी काही समजावलं नाही. ना तेव्हा, ना मागून. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी पेद्दम्माचे कपडे ठेवायला कपाट उघडलं, तर आत दोन जॅकेटं. भंतेजींच्या चिवराचा रंग. प्रत्येकाला एक छोटा दिवा, एक शिट्टी. एक पेद्दम्माचं, एक माझं. आता आमच्याकडं पाहुणा रिकाम्या हातानं जातो का? टोपी-टॉवेल, पोलक्याचं कापड, काही ना काही देतोच आपण. मी म्हटलं, मोठ्या लोकांचा आहेरही मोठा! आत्ताच ठेवून दिलेलं बरं, निघायच्या घाईत राहून जायचं. नातवाला शिट्टी होईल. थंडीत रस्त्यानं जाताना जॅकेट ह्यांना होईल. पेद्दम्माचं कपाटात राहू दिलं आणि माझं थैलीच्या तळाशी दाबून बसवलं. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पेद्दम्माची शाल सापडेना. मॅडमनी आधी माझी थैली धरली. पुढचं तुम्ही वाचलंच.

शाल पेद्दम्माच्या उशीखाली निघाली.

मी चिवडा वेचत होते तेव्हा खोल्या झाडणारी बाई आली. डोंगराकडची असावी, बारीक डोळ्यांची, माझ्याच वयाची. तिनं खाली पडलेलं जॅकेट पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि म्हणाली, "ये इन्हीं का है मॅडम. एक आदमी का एक."

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पण जॅकेट त्यांनी मला दिलं नाही. काखेत मारलं. "हिला काय कळतंय? पुन्हा कुठं तरी लपवून ठेवील. माझ्या खोलीत राहू दे." आणि वर निघून गेल्या.

मी त्या बाईला विचारलं, "वो किस काम का रहता बाई?"

तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी चेष्टा करतेय का, ते पाहत असावी. मग तिनं आपला तळहात आडवा धरला, हळूहळू खाली नेला, आणि मान वर करून दोनदा श्वास ओढला.

तिनंच आपल्या कार्डानं दार उघडून दिलं. मी खोलीत आले आणि खाटेवर बसले. घरघर चालू होती. आता ती निराळी ऐकू यायला लागली. या जहाजावर माझ्या नावाचा एक श्वास मोजून ठेवला होता. तो माझ्या हातात होता तेव्हा मी नातवाच्या शिट्टीचा विचार करत होते. आणि आता तो कोणत्या तरी मजल्यावर, कोणाच्या तरी कपाटात. माझं नाव पर्समध्ये, माझा श्वास कपाटात, आणि मी खिडकी नसलेल्या खोलीत. चोरी कोणी केली होती?

"नीळ्ळु," पेद्दम्मा म्हणाली. या वेळी मी गिलास भरला नाही. तिच्याशेजारी बसून मीही भिंतीला कान लावला.

मॅडम पुडा घेऊन आल्या तेव्हा मी जॅकेट मागायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, भाजी बरी आहे आज." असा तो बाणा.

त्यानंतरच्या दिवशी समुद्र बिघडला. गिलास टेबलावरून आपोआप सरकत जाई आणि आपोआप परत येई. दिवेलागणीच्या सुमाराला मला वास आला. आदिलाबादच्या माणसाला तो वास ओळखू येतो. कापसाच्या ढिगाला आतून आग धरते, तेव्हा वरून काही दिसत नाही. ज्वाळा नाही, उजेड नाही. ढीग पांढराच्या पांढरा, आणि आत जळत असतं. तोच वास. आमच्याच मजल्यावर कुठं तरी चादरी-टॉवेल धुवायची जागा होती.

मग भोंगा. तुटक तुटक, आणि शेवटी लांबच लांब. छतातून कोणी तरी इंग्रजीत बोलायला लागलं. शांतपणे बोलत होतं, त्यानं जास्त भीती वाटली.

मी दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. एक पाय आत, एक बाहेर. लोक चाललेले, सगळ्यांच्या अंगावर नारिंगी. साहेब येतील, मला वाटलं. स्वतःची आई आहे. मॅडम येतील, माझं जॅकेट घेऊन. गल्लीत धूर पातळ पसरायला लागला. लोक कमी झाले. मग कोणीच नाही.

कोणी आलं नाही.

कपाटात एक जॅकेट होतं. ते माझ्या अंगाला आलं असतं. हा विचार मनात आला, हे मी लपवत नाही. मी ते पेद्दम्माला घातलं, लेकराला झबलं घालावं तसं, आणि पट्टे ओढून बांधले. तिला काखेत धरली. दार आमच्यामागं बंद झालं, खट्ट. आता परत जायला जागा नव्हती. अर्धी ओढत, अर्धी उचलत, एकेक जिना मी तिला वर नेली. वाटेत जहाजाच्या माणसांनी हात दिला, "ऊपर, ऊपर" म्हणाले. पेद्दम्मा माझ्या कानात पुटपुटत होती, नीळ्ळु, नीळ्ळु, आणि वरचं दार उघडलं तर खरंच, आकाश सोडलं तर सगळं काळं पाणी. त्याला काठ नाही, कड नाही. ते आपल्या जागेवर वरखाली होत होतं, जसं काही त्याला घाई नव्हती.

मोठ्या होड्यांखाली माणसं दाटीनं बसवली होती. साहेब दिसले. मॅडम दिसल्या. दोघांच्या अंगावर जॅकेटं, पट्टे नीट बांधलेले. फरशी ओली होती. म्हणून मॅडम कशावर तरी बसल्या होत्या.

माझ्या जॅकेटवर बसल्या होत्या.

साहेब उठले. "अरे, अम्मा! मी येणारच होतो."

मी पेद्दम्माला त्यांच्या मांडीशी बसवली. मग मॅडमसमोर उभी राहिले.

"उठा."

"काय?"

"तुमच्याखाली माझं जॅकेट आहे. उठा."

"जमीन ओली आहे ना. थांब जरा. आत्ता कुठं बुडून राह्यलं जहाज?"

आत्ता कुठं. म्हणजे बुडायला लागल्यावर त्या उठणार होत्या. आणि तेव्हा मी म्हणायचं, भाजी बरी आहे आज.

मी खाली वाकले. तीच मी, आदल्या दिवशी गल्लीत वाकले होते. या वेळी पायाला हात लावला नाही. पट्टा धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. मॅडम कुशीवर लवंडल्या, साहेबांनी धरलं म्हणून डोकं वाचलं. आज मला त्याचं हसू येतं. पाय वर, एक चप्पल पाण्यात. तेव्हा हसू आलं नाही. मी जॅकेट डोक्यातून घातलं, पट्टे बांधले. ओलं होतं, आणि त्यांच्या बुडाच्या उबेनं गरम होतं.

मॅडम ओरडायला लागल्या. "तुझी हिंमत—"

मी शिट्टी तोंडात घातली आणि वाजवली. पोटातून वाजवली. थांबले नाही. सगळा डेक वळून बघायला लागला. जहाजाचा माणूस हातात कागद घेऊन धावत आला. त्यानं विचारलं, काय झालं? मी शिट्टी काढली आणि माझं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. म्हटलं, "मैं भी हूँ. गिनती में लो."

तिथून पुढं मॅडमबद्दल 'म्हणाल्या' लिहायला माझा हात वळत नाही.

आग आटोक्यात आली. लोकांनी जॅकेट घालून एकमेकांचे फोटो काढले आणि जेवायला गेले. मीही गेले. पेद्दम्माचा हात धरून, आमची दोन्ही कार्डं त्या पर्समधून मागून घेऊन. त्या गठ्ठ्यातून वरची प्लेट मी घेतली, तिला दुसरी दिली. आम्ही त्यांच्याच टेबलाशी बसलो. मॅडम ताट सोडून उठली. साहेब खाली मान घालून जेवत राहिले. पेद्दम्मानं भात मागून घेतला. मुंबई येईपर्यंत मी तिचं सगळं केलं, तिचं म्हणून केलं. आदिलाबादला उतरल्यावर त्या घराची पायरी चढले नाही.

कापूस घरात यायच्या दिवसांत त्यांची गाडी आमच्या गल्लीत आली. मॅडम स्वतः उतरली. पेद्दम्मा कोणाच्या हातचं खात नव्हती, दिवसेंदिवस वाळत चालली होती. तिची वेणी कोण घालतं, मी विचारून बसले. मॅडमनं ते हेरलं आणि आवाज मऊ केला.

"झालं गेलं सोडून दे. तुझ्याशिवाय अम्माचं व्हायचं नाही. तू सोबत आलीस की बरं वाटंल तिला."

"पेद्दम्माले इथं आनून सोडा," मी म्हटलं. "माझ्या घरी ठेवीन, माझ्या हातचं शिजवून भरवीन. तुमच्या घरी मी येनार नाही."

"इथं? या वस्तीत?"

"इथं."

तिनं आमच्या दाराकडं, चुलीकडं, माझ्या हातांकडं बघितलं. पेद्दम्मा आली नाही. ती फार दिवस राहिली नाही, असं कानावर आलं. म्हातारी उपाशी गेली, पण माझ्या हातचं तिला दिलं नाही त्यांनी. ते मी विसरणार नाही आणि त्यांना माफ करणार नाही.

मी आता कोणाच्या सोबत जात नाही. माझ्या नावानं जाते. सुनेला, वस्तीतल्या पोरींना, जी कोणी कामाला बाहेर पडते तिला सांगते: न समजता मान हलवू नको. दार कुठं उघडतं, विचार. तुझ्या नावाचं काय आहे आणि ते कोणाच्या कपाटात आहे, विचार. मालकीण चिडली तरी विचार, चिडली तर दोनदा विचार. आणि आपलं असेल ते ती उठायची वाट न बघता तिच्याखालून ओढून घे.

त्या दिवशी गाडीत बसता बसता मॅडम काच खाली करून मला काय म्हणाली, ते जसंच्या तसं लिहून ठेवते:

"अडाणी पाहूनच नेली होती तुला. आता तू माझ्या काय कामाची?"